विश्लेषण : एक सामना हरला की वर्ष संपले! कोकणातल्या कॉलेज खेळाडूंना 'हंगाम' का हवा?

सिंधुदुर्गातल्या एखाद्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत हरतो, असे समजू. त्या संघातला चढाईपटू पदवीच्या तीन वर्षांत महाविद्यालयाकडून किती सामने खेळेल? तीन. प्रत्येकी ४० मिनिटांचे. म्हणजे सगळी महाविद्यालयीन कारकीर्द दोन तासांची, आणि त्यातही बाद होऊन रेषेबाहेर बसलेला वेळ धरलेला.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत खालच्या श्रेणीत खेळणारा, एकही सामना न जिंकणारा संघसुद्धा एका वर्षात साधारण दहा सामने खेळतो. चार वर्षांत चाळीस. या संघांतल्या मुलांना खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती मिळत नाही. तरीही त्यांच्याकडे जे आहे ते मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या मुलांकडे नाही. ते म्हणजे हंगाम.

कनिष्ठ श्रेणीचे अमेरिकी कॉलेज फुटबॉल म्हणजे काय?

हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी खेळ. टीव्हीवर दिसते ती त्याची वरची श्रेणी. लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम आणि कोट्यवधी डॉलरचे प्रशिक्षक तिथलेच. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या 'एनसीएए' या संघटनेने १९७३ मध्ये आपल्या सदस्य महाविद्यालयांची तीन श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत पूर्ण शिष्यवृत्त्या, दुसरीत मर्यादित. तिसरीत, म्हणजे 'डिव्हिजन थ्री'मध्ये, खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम आहे.

फुटबॉल खेळणारी सुमारे २४० महाविद्यालये या तिसऱ्या श्रेणीत आहेत. मुले वर्गात बसतात, फी भरतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी सामना खेळतात. ओहायोतल्या अलायन्स या गावातले माउंट युनियन महाविद्यालय या श्रेणीतले सर्वांत यशस्वी. त्याच्या नावावर १३ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. गावाची वस्ती वीस-बावीस हजार, म्हणजे साधारण सावंतवाडीएवढी.

हंगाम आणि प्लेऑफ एकमेकांना कसे जोडले आहेत?

सप्टेंबरच्या सुरुवातीला हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. जवळपासची आठ-दहा महाविद्यालये मिळून एक गट असतो. त्याला 'कॉन्फरन्स' म्हणतात. बहुतेक सामने याच गटातल्या शेजाऱ्यांशी, बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल अशा अंतरावर होतात. निम्म्याच्या आसपास सामने स्वतःच्या मैदानावर, आई-वडील आणि गावकऱ्यांसमोर.

गटात पहिला आलेला संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये थेट जातो. त्याला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. उरलेल्या काही जागा निवड समिती गुणवत्तेवर भरते. डिव्हिजन थ्रीच्या प्लेऑफमध्ये पूर्वी ३२ संघ असत. २०२४ पासून ते ४० झाले. आठ लढती पहिल्या फेरीत होतात, बाकीच्या २४ संघांना 'पुढे चाल' मिळते आणि दुसऱ्या फेरीपासून ३२ संघांची बाद स्पर्धा सुरू होते. अंतिम सामना सोडला तर हे सामनेही महाविद्यालयांच्या मैदानांवरच होतात. ज्याचे मानांकन वरचे, त्याच्या घरी सामना.

आयपीएल पाहणाऱ्याला ही रचना नवी नाही. आधी साखळी, मग वरच्या संघांची बाद फेरी. फरक एवढाच, की आयपीएलमध्ये दहा संघ आहेत आणि इथे दोनशे चाळीस.

अंतिम सामन्याला 'स्टॅग बोल' म्हणतात. १९९३ पासून पंचवीस वर्षे तो व्हर्जिनियातल्या सालेम या सुमारे २५ हजार वस्तीच्या गावात झाला. एवढ्या छोट्या गावाने देशाचा अंतिम सामना पंचवीस वर्षे सांभाळला, ही गोष्ट जिल्हा क्रीडा संकुलांच्या उद्घाटनात रमणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. २०२३ मध्ये सामना पुन्हा सालेमला आला. तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलँडने, सलग २९ सामने जिंकलेल्या गतविजेत्या नॉर्थ सेंट्रलला ३८-३७ असे हरवले. एका गुणाने. पुढच्याच हंगामात नॉर्थ सेंट्रलने माउंट युनियनला ४१-२५ असे नमवून विजेतेपद परत घेतले. हरलेल्या संघाला परत येण्याची वाट होती आणि ती माहीत होती.

सिंधुदुर्गाच्या खेळाडूची वाट कोणती?

सिंधुदुर्गातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र चर्चगेटपासून थेट दोडामार्गपर्यंत पसरले आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्यामुळे झोनवार होतात. कोकणातले संघ आधी आपसांत खेळतात, त्यातले पहिले काही पुढे मुंबई-ठाण्याच्या संघांशी भिडतात. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो.

विद्यापीठाच्या संघापुढची शिडी उंच आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धा, त्यातून पहिल्या चार संघांना अखिल भारतीय स्पर्धा, राज्यात 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. वरच्या पायऱ्यांवर साखळी सामने आहेत, शिबिरे आहेत, गणवेश आहेत, प्रवासखर्च आहे. खालची पायरी मात्र बहुतेक सांघिक खेळांत बाद पद्धतीची आहे. हरलात की घरी.

म्हणजे ज्याला सर्वांत जास्त सामन्यांची गरज, त्याला सर्वांत कमी सामने मिळतात. अमेरिकेत साखळी तळाशी आणि बाद फेरी शिखराला आहे. इथे नेमके उलटे.

बाद पद्धतीत बिघडते काय?

गणित सोपे आहे. सोळा संघांची बाद स्पर्धा घेतली तर एकूण १५ सामने होतात. आठ संघ एकच सामना खेळून परततात. सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला दोन सामनेही येत नाहीत. आयोजकांना हे सोयीचे असते, कारण दोन दिवसांत बक्षीस समारंभ उरकतो.

कबड्डीत याचा फटका विशेष बसतो. तीस सेकंदांची चढाई सरावात कितीही केली, तरी दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, 'करो या मरो'ची चढाई सामन्यातच शिकता येते. कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू समोरच्याचा पाय कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे वेगवेगळ्या चढाईपटूंसमोर दहा-वीस वेळा फसूनच शिकतो. लोण चढला, दहा गुणांनी मागे पडलो, तर संघाने डोके कसे शांत ठेवायचे? एकाच सामन्याच्या हंगामात हे शिकायला दुसरी संधी नसते.

निवडीचेही तेच. ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत बलाढ्य संघ समोर आला, की चांगल्या खेळाडूचे वर्ष वाया. त्या दिवशी घोटा मुरगळला, तरी वाया. निवडकर्त्यांच्या हातात त्या मुलाची चाळीस मिनिटे असतात आणि तेवढ्यावर निर्णय होतो. अमेरिकेच्या तिसऱ्या श्रेणीतल्या होबार्ट महाविद्यालयात अली मार्पेट नावाचा खेळाडू होता. २०१५ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याला ६१ वा क्रमांक मिळाला. तिसऱ्या श्रेणीतून एवढ्या वर कुणाचीच निवड झाली नव्हती. पुढे तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघातही होता. त्याचे महाविद्यालय लहान होते, पण त्याच्या नावावर चार हंगामांचे सामने होते आणि ते चित्रफितींवर नोंदले गेले होते. पाहणाऱ्याला पाहायला काहीतरी होते.

आणि हे केवळ हौसेचे प्रकरण नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरच्या कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. पहिल्या फेरीत गारद झालेल्या मुलाला ते कधीच दिसत नाही. पोलीस भरतीच्या मैदानावर तो बाकीच्यांबरोबर रांगेत उभा राहतो.

पण कोकणात सामन्यांची वानवा आहे का?

मुळीच नाही. पाऊस सरला की गावोगावी मंडळांच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. मातीचे मैदान, वर हॅलोजनचे दिवे, लाऊडस्पीकरवरून मालवणीतली टोलेबाजी आणि पहाटेपर्यंत रंगलेला अंतिम सामना. टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा तर मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत. आता त्या यूट्यूबवर थेट दिसतात आणि मुंबईतले चाकरमानी लोकलमध्ये बसून गावचा सामना पाहतात.

पण या स्पर्धाही बहुधा बाद पद्धतीच्याच. त्यात खेळाडू मंडळाचा असतो, कधी बाहेरून आणलेलाही असतो. अभ्यास, हजेरी, वय यांच्याशी त्याचा संबंध नसतो. मुलींसाठी तर रात्री दोनला संपणारा सामना हा पर्यायच नव्हे. शेवटची एसटी गेल्यावर घरी जायचे कसे, या एका प्रश्नापाशी कितीतरी मुलींचा खेळ थांबतो. दिवसा, आपल्या तालुक्यात, महाविद्यालयाच्या नावाने होणारा सामना त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा आहे.

दुसरा मार्ग मुंबईचा. तो जुना आहे. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी वाढवली ती कोकणातून गेलेल्या कामगारांनी. क्रिकेटमध्ये तेंडुलकर हे आडनाव तेंडोली गावावरून आले असे मानले जाते. तेंडोली कुडाळ तालुक्यात आहे, पण धावा निघाल्या शिवाजी पार्कवर. आडनाव कोकणाचे आणि मैदान मुंबईचे, हा शिरस्ता दोन-तीन पिढ्यांचा. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार होती, म्हणजे २००१ पेक्षा कमी. ज्या जिल्ह्यातून तरुण मुले बाहेर पडतात, तिथे त्यांना तीन वर्षे थांबायला एखादे कारण मिळत असेल, तर ते स्वस्तच म्हणायला हवे.

साखळी परवडेल का?

जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग, कणकवली, देवगड आणि वैभववाडी. तालुक्याला एक संघ धरला तर आठ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकी सात सामने, एकूण २८. दर शनिवारी चार सामने घेतले तर सात शनिवारांत साखळी संपते. कबड्डीचा सामना मध्यंतर धरून तासाभरात उरकतो, त्यामुळे एकाच मैदानावर सकाळी सुरुवात करून दुपारपर्यंत चारही सामने होतील. शेजारी दुसरे मैदान आखले तर मुलींची साखळी त्याच दिवशी.

दर शनिवारी यजमान तालुका बदलायचा. सात तालुक्यांत सात फेऱ्या, आणि आठव्या तालुक्यात पहिल्या चार संघांचा प्लेऑफ. सात संघांना साखळीत एकदा घरच्या लोकांसमोर खेळायला मिळते. मालवण ते कुडाळ तासाभराचा रस्ता आहे. लांबचा प्रवास वैभववाडी ते दोडामार्ग, तोही एका दिवसात जाऊन-येऊन होणारा. जिल्ह्यात महाविद्यालये आठाहून जास्त आहेत. सगळ्यांनीच संघ उतरवले तर दोन गट करता येतील, पण ती अडचण आनंदाने सोसण्यासारखी आहे.

खर्च आहे तो प्रवासाचा, पंचांच्या मानधनाचा आणि जेवणाचा. स्टेडियम लागत नाही. मॅट असेल तर उत्तम, नसेल तर माती आहेच. अडचण पैशांपेक्षा माणसांची आहे. महाविद्यालयात खेळ पाहणारा शारीरिक शिक्षण संचालक असावा लागतो, आणि राज्यातल्या महाविद्यालयांत रिक्त पदांचा प्रश्न जुनाच आहे. जिथे हे काम मराठीच्या किंवा वाणिज्यच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते, तिथे त्याला सात शनिवार मागणे म्हणजे त्याच्या भलेपणाची परीक्षाच. त्या कामाला कामाच्या भारात मोजले नाही, तर साखळी दुसऱ्या वर्षी बंद पडेल.

एक दार मात्र नव्या शैक्षणिक धोरणाने किलकिले केले आहे. खेळ आता सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकात धरता येतो. सात सामन्यांचा, नोंद ठेवलेला, हजेरी असलेला हंगाम श्रेयांकासाठी दाखवणे सोपे आहे. एका बाद सामन्यावर श्रेयांक कसा देणार?

अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा घ्यावा का?

नाही. तिथल्या अनेक छोट्या खासगी महाविद्यालयांसाठी फुटबॉल संघ हा प्रवेश वाढवण्याचा मार्ग आहे. शंभरेक मुले संघासाठी येतात आणि भरमसाट फी भरतात. शिष्यवृत्ती नाही या नियमाची ही दुसरी बाजू आहे. डोक्याला होणाऱ्या दुखापतींचा प्रश्नही गंभीर आहे. शिवाय चाळीस संघांच्या प्लेऑफमध्ये पहिल्या फेऱ्यांत एकतर्फी सामने होतात, आणि वर्षानुवर्षे तीच दोन-चार नावे अंतिम फेरीत दिसतात. साखळीमुळे बलाढ्य संघ दुबळे होत नाहीत. दुबळ्यांना खेळायला मिळते, इतकेच.

घेण्यासारखी गोष्ट एकच. गटविजेत्याचे तिकीट आधीच ठरलेले असते. सिंधुदुर्गाची साखळी जिंकणाऱ्या संघाला झोनच्या स्पर्धेत थेट उपांत्यपूर्व फेरीत जागा आणि साखळीतल्या निवडक खेळाडूंना विद्यापीठाच्या निवड शिबिराचे बोलावणे, एवढे लेखी मिळाले तरच मुले सात शनिवार देतील. नाहीतर ती आणखी एक ट्रॉफी ठरेल, आणि ट्रॉफ्या कोकणात कमी नाहीत. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून होत असते. ती मान्य होवो न होवो, या दोन ओळींच्या परिपत्रकासाठी थांबण्याचे कारण नाही.

मग घोडे कुठे अडते?

पावसात. शैक्षणिक वर्ष जून-जुलैत सुरू होते आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी संघ हिवाळ्यापूर्वी निवडावा लागतो. त्यामुळे महाविद्यालयांच्या स्पर्धा पहिल्या सत्रात कोंबाव्या लागतात. मुंबईत बंदिस्त सभागृहे आहेत. कोकणात सप्टेंबरपर्यंत मैदानात गुडघाभर गवत आणि चिखल असतो. मधे गणपती येतात, तेव्हा जिल्ह्यात दुसरे काही होतच नाही. मग दोन दिवसांत उरकणारी बाद स्पर्धा हाच उपाय उरतो. बाद पद्धत कुणी दुष्टपणाने लादलेली नाही, ती मुंबईच्या वेळापत्रकातून आलेली आहे.

साखळी घ्यायची तर दिवाळी आणि सत्र परीक्षांनंतर, नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. म्हणजे त्या वर्षीचा विद्यापीठाचा संघ तोवर निवडून झालेला असेल. यावर तोडगा आहे, पण त्याला थोडा धीर लागतो. यंदाच्या हिवाळ्यातले गुणांकन पुढच्या वर्षीच्या मानांकनासाठी आणि शिबिरासाठी धरायचे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जानेवारीत जे खेळेल, त्याचे फळ त्याला दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये मिळेल. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना यातून काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगावे लागेल.

शनिवारही जपून निवडावे लागतील. कार्तिकी पौर्णिमेनंतर सोनुर्लीपासून जत्रा सुरू होतात आणि मग गावागावांत रोज कुठे ना कुठे दशावताराचा खेळ असतो. ज्या गावची जत्रा, त्या गावचा खेळाडू त्या दिवशी मैदानावर येणार नाही, आणि आला तरी रात्रभर जागून आलेला असेल. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा तर तिथीने येत नाही. देवीचा कौल मिळाला की तारीख जाहीर होते, बहुधा फेब्रुवारीतली. वेळापत्रक करणाऱ्याने प्लेऑफचा शनिवार जानेवारीतच धरावा, आणि तरीही एक तारीख राखीव ठेवावी.